तुमचा आरएनए हलला नाही, ते बरोबरच आहे

प्रश्न: मी बायोटेक्नॉलॉजीच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी हीला पेशी (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या) चोवीस तास १ टक्का ऑक्सिजनमध्ये ठेवल्या. ऑक्सिजन कमी झाला की हिफ-१ अल्फा (टंचाईत इतर जनुकं चालू करणारं प्रथिन) वाढतं असं सगळीकडे वाचलं होतं, पण आरटी-पीसीआरमध्ये त्याचा आरएनए जसाच्या तसा. प्रथिन शोधणारा वेस्टर्न ब्लॉटही कोरा. गाइड म्हणतात प्रयोग फसला. कमी ऑक्सिजनमुळे कर्करोगाच्या पेशीत जनुकं चालू-बंद होतात ती नेमकी कशी? आणि घरचे विचारतात, मग भरपूर ऑक्सिजन दिला तर कॅन्सर बरा होईल का?

उत्तर:

आधी गाइडना सांगा की निम्मा प्रयोग अगदी बरोबर झालाय. ऑक्सिजन कमी झाल्यावर हिफ-१ अल्फाचा आरएनए बहुतेक पेशींत फारसा वाढत नाहीच. तुम्हाला तो दहापट वाढलेला दिसला असता तर मी जास्त काळजीत पडले असते. फसलाय तो ब्लॉट, आणि तो का फसला याचा मला दाट संशय आहे, कारण त्याच खड्ड्यात मी स्वतः तीन महिने बसून होते. त्याकडे शेवटी येते.

जनुक चालू झालं, आरएनए बनला, प्रथिन बनलं, ही साखळी आपल्या डोक्यात बारावीपासून घट्ट बसलेली असते. हिफ-१ अल्फाचं गणित तिथेच वेगळं आहे. पेशी हे प्रथिन रात्रंदिवस बनवत असते, ऑक्सिजन असो वा नसो. आणि ऑक्सिजन आहे तोवर, बनलं की लगेच मोडीत काढत असते. भरपूर ऑक्सिजनमध्ये त्याचं अर्धायुष्य पाच मिनिटांहूनही कमी भरतं. ऑक्सिजन घटला की ही मोडतोड थांबते, एवढंच. आरएनएच्या पातळीवर काही घडायची गरजच नसते, म्हणून तुमचा आलेख सपाट आला.

एवढी उधळपट्टी कशासाठी? तर वेळेसाठी. सिग्नलला उभा असलेला रिक्षावाला इंजिन बंद करत नाही. इंधन फुकट जळतं, पण हिरवा पडला की तो सगळ्यांच्या आधी निघतो. जनुकापासून सुरुवात करायची तर तास जातील. मोडतोड थांबवली तर काही मिनिटांत केंद्रकात प्रथिन साचायला लागतं. गुदमरणाऱ्या पेशीला तासांची चैन परवडत नाही.

मोडतोडीची सुरुवात करणाऱ्या एन्झाइमचं नाव प्रोलिल हायड्रॉक्सिलेज, संक्षेपात पीएचडी. (पदवीशी संबंध नाही, जरी दोन्हींत दमछाक हा समान धागा असला तरी.) अशी तीन एन्झाइमं आहेत, त्यांतलं पीएचडी-२ मुख्य. ते ऑक्सिजनचा एक रेणू घेतं, त्याचे दोन अणू वेगळे करतं. एक अणू हिफच्या साखळीतल्या ४०२ किंवा ५६४ क्रमांकाच्या प्रोलिनवर ठेवतं, दुसरा टू-ऑक्सोग्लुटरेट नावाच्या छोट्या रेणूला देतं आणि त्याचं सक्सिनेट होतं. एन्झाइमच्या गाभ्यात लोहाचा अणू असतो, आणि ते लोह कामाच्या अवस्थेत राहावं म्हणून क जीवनसत्त्व लागतं. प्रोलिनवर हा ऑक्सिजनचा ठिपका पडला की व्हीएचएल नावाचं प्रथिन हिफला ओळखतं, त्याच्यावर युबिक्विटिनची शेपटी चिकटवली जाते, आणि पेशीचं भंगारयंत्र, म्हणजे प्रोटिअसोम, ते गिळून टाकतं.

इथे जरा थांबते, कारण विद्यार्थी हे पाठ करतात आणि त्यातलं मर्म निसटतं. पेशीत ऑक्सिजन मोजणारं वेगळं उपकरण नाही. ऑक्सिजन हा या अभिक्रियेचा कच्चा माल आहे. माल कमी आला की उत्पादन कमी, आणि तेच मोजमाप. पण मग ऑक्सिजन वापरणारं कुठलंही एन्झाइम सेन्सर म्हणून चाललं असतं की! नाही चालत. मायटोकाँड्रियातलं सायटोक्रोम ऑक्सिडेज अगदी नखभर ऑक्सिजनवरही भागवतं, शेवटच्या थेंबापर्यंत ओढत राहतं. त्याला टंचाई कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. पीएचडीची ऑक्सिजनवरची पकड मुद्दाम ढिली आहे. त्याला निम्म्या वेगाने धावायला जेवढा ऑक्सिजन लागतो, तो ऊतींमधल्या नेहमीच्या पातळीच्या कितीतरी वर आहे. त्यामुळे पुरवठा थोडा जरी खाली-वर झाला तरी त्याचा वेग लगेच बदलतो. सेन्सरला हेच तर हवं.

दुसरं एक कुलूपही आहे, एफआयएच नावाचं एन्झाइम. ते हिफच्या ८०३ क्रमांकाच्या अ‍ॅस्परॅजिनवर ऑक्सिजन ठेवतं. त्यामुळे हिफ मोडत नाही, पण जनुक चालू करायला ज्या मदतनीस प्रथिनाची गरज असते, त्या पी-३०० शी त्याला हात मिळवता येत नाही. एफआयएचची ऑक्सिजनवरची पकड पीएचडीपेक्षा घट्ट आहे, म्हणून ते जास्त टंचाईतही काम करत राहतं. याचा परिणाम असा की मध्यम टंचाईत हिफ साचतं पण त्याचा एक हात बांधलेला असतो, काही जनुकं चालू होतात, काही नाहीत. तीव्र टंचाईत दुसरं कुलूपही उघडतं. '१ टक्क्यात बघितलं' आणि '०.२ टक्क्यात बघितलं' हे दोन वेगळे प्रयोग आहेत, ते याचमुळे.

हे सगळं उलगडलं ते कर्करोगाच्या वाटेने नव्हे, रक्ताच्या वाटेने. उंचावर गेलं की मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ, जास्त सुटतं आणि तांबड्या पेशी वाढतात, हे माहीत होतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ग्रेग सेमेन्झा यांनी ईपीओ जनुकाच्या शेजारचा डीएनएचा तुकडा धरला, १९९२ मध्ये त्याला चिकटणारा घटक दाखवला आणि १९९५ मध्ये तो शुद्ध करून त्याची ओळख पटवली: हिफ-१, अल्फा आणि बीटा अशी जोडी. बीटा नेहमी हजर असतो. सगळा खेळ अल्फाचा. ऑक्सफर्डला पीटर रॅटक्लिफ यांच्या गटाने दाखवलं की ही यंत्रणा ईपीओ न बनवणाऱ्या पेशींतही आहे. म्हणजे प्रश्न रक्तापुरता उरला नाही.

तिसरी वाट बॉस्टनच्या विल्यम केलिन यांची, आणि मला ती सगळ्यांत आवडते. ते व्हॉन हिप्पेल-लिंडाउ या आनुवंशिक आजाराचा अभ्यास करत होते. त्या कुटुंबांत मूत्रपिंडाचे कर्करोग होतात, मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात रक्तवाहिन्यांच्या गाठी होतात, काहींचं हिमोग्लोबिन अवाजवी वाढतं. रक्तवाहिन्या आणि तांबड्या पेशी, दोन्ही जास्त! हे तर शरीर ऑक्सिजनसाठी ओरडतंय अशीच लक्षणं, आणि ऑक्सिजन तर पुरेसा आहे. त्या आजारात बिघडलेलं जनुक म्हणजेच व्हीएचएल. १९९९ मध्ये रॅटक्लिफ यांच्या गटाने व्हीएचएल आणि हिफ यांची गाठ घालून दिली, आणि २००१ मध्ये दोन्ही प्रयोगशाळांनी प्रोलिनवरचा तो ऑक्सिजनचा ठिपका एकाच वेळी प्रसिद्ध केला. २०१९ चं वैद्यकाचं नोबेल तिघांना मिळून गेलं.

आता गाठीकडे येऊ. १९५५ मध्ये टॉमलिन्सन आणि ग्रे या दोघांनी फुफ्फुसाच्या कर्करोगाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. रक्तवाहिनीपासून साधारण दीडशे मायक्रॉनच्या पलीकडे पेशी जिवंत सापडेनात. दीडशे मायक्रॉन म्हणजे वहीचं जेमतेम दीड पान. रक्तवाहिनीतून झिरपणारा ऑक्सिजन वाटेतल्या पेशी खाऊन टाकतात आणि तेवढ्या अंतरात तो संपतो. निरोगी ऊतीत केशवाहिन्या याहून जवळजवळ असतात म्हणून आपण जगतो. गाठ मात्र रक्तपुरवठ्याच्या पुढे पळते.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर हिफमुळे बनणाऱ्या सीए-९ या प्रथिनाचं स्टेनिंग केलेली स्लाइड बघा. मला अजूनही ती बघताना मजा येते. तोंडाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा काप घ्या. रक्तवाहिनीला लागून निळ्या केंद्रकांच्या पेशींचे दाट थर, तिथे रंग नाही. जरा आत सरका, पेशींच्या कडा हलक्या तपकिरी. आणखी आत, गडद तपकिरी जाळी, प्रत्येक पेशी पेनाने गिरवल्यासारखी. आणि त्याच्यापुढे एकदम गुलाबी, केंद्रकं नसलेला राडा: मेलेला भाग. तपकिरी पट्टा हा मृत्यूच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या पण अजून जिवंत पेशींचा. त्या पेशींची गुणसूत्रं शेजारच्या निळ्या पेशींसारखीच आहेत. फरक आहे तो कुठली जनुकं वाचली जातायत याचा, आणि तो फरक काही पेशींच्या अंतरात पडलाय.

काय वाचलं जातं तिथे? हिफ डीएनएवर एक छोटा शब्द शोधतं: सीजीटीजी, आणि त्याच्या आधी ए किंवा जी. असा शब्द मानवी जनुकसंचात लाखो ठिकाणी आहे आणि हिफ त्यांतल्या एक टक्का जागांवरही बसत नाही. कुठे बसतं? जिथे क्रोमॅटिन, म्हणजे प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनए, आधीपासून उघडं आहे तिथे. शिवाय त्या शब्दातल्या सीजीवर मिथाइल गट असेल तर हिफला तिथे बसता येत नाही. म्हणून हिफ तेच, पण स्तनाच्या पेशीत एक यादी चालू होते आणि यकृताच्या पेशीत दुसरी. पेशीने आपल्या आयुष्यात जी दारं उघडी ठेवलीत, त्यांतूनच हिफ आत शिरतं. बऱ्याच जनुकांवर तर वाचणारं यंत्र, आरएनए पॉलिमरेज, आधीच येऊन सुरुवातीलाच अडकून उभं असतं. हिफ त्याला पुढे ढकलतं. पुन्हा तोच रिक्षावाला.

यादीतली काही नावं सगळ्यांना पाठ असतात: रक्तवाहिन्या बोलावणारं व्हीईजीएफ, ग्लुकोज आत घेणारं ग्लूट-१, ग्लायकोलिसिसची (ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज फोडण्याच्या वाटेची) जवळजवळ सगळी एन्झाइमं, लॅक्टेट बनवणारं एलडीएचए. पेट स्कॅनमध्ये गाठ चमकते ती किरणोत्सारी ग्लुकोज ओढते म्हणून. त्या ओढीत ग्लूट-१ आणि हेक्सोकायनेजचा मोठा वाटा असतो. व्हीईजीएफ पसरतं, नव्या वाहिन्या येतात, पण त्या वेड्यावाकड्या, गळक्या. रक्त त्यांतून कधी वाहतं, कधी थांबतं, त्यामुळे गाठीचा एकच कोपरा तासाभरात गुदमरतो आणि पुन्हा श्वास घेतो. मदत मागवली आणि गोंधळ वाढला, असा प्रकार.

मला सगळ्यांत विलक्षण वाटतं ते पीडीके-१. ऑक्सिजन नाही म्हणून मायटोकाँड्रिया बंद पडतात अशी आपली समजूत असते. खरं तर पेशी ते आधीच बंद करायला घेते. पीडीके-१ हे हिफच्या यादीतलं एन्झाइम पायरुव्हेटला (ग्लुकोज फुटून बनलेल्या रेणूला) मायटोकाँड्रियातल्या क्रेब्स चक्राच्या दारातच अडवतं. थोड्या ऑक्सिजनवर भट्टी तशीच धगधगत ठेवली तर अर्धवट जळलेल्या धुरासारखे घातक मुक्त मूलक निघतात, पेशी त्यानेच मरेल. २००६ मध्ये हे दाखवलं गेलं. पीडीके-१ वाढवता न येणाऱ्या पेशी कमी ऑक्सिजनमध्ये ऑक्सिजनच्या अभावाने नाही, तर या धुराने जास्त मरतात. मग पायरुव्हेटचं लॅक्टेट होतं, ते एमसीटी-४ च्या दारातून बाहेर टाकलं जातं, आणि आतली आम्लता सांभाळायला पेशीच्या पडद्यावर सीए-९ उभं राहतं. तुमच्या प्लेटमधलं मीडिया चोवीस तासांनी गुलाबीचं पिवळसर झालं होतं का? झालं असेल तर पेशींनी आपलं काम केलं होतं. ते पिवळं म्हणजे हेच आम्ल.

बंद होणाऱ्या जनुकांबद्दल लोक कमी बोलतात. हिफ स्वतः मुख्यतः चालू करणारं आहे, बंद करण्याची कामं ते दुसऱ्यांकडून करवून घेतं. डीएनएच्या तुटलेल्या दुव्यांची नीट दुरुस्ती करणारी आरएडी-५१, बीआरसीए-१ ही जनुकं दीर्घ टंचाईत मंदावतात, आणि ते काम ई-टू-एफ कुटुंबाच्या दाबणाऱ्या घटकांमार्फत होतं. परिणाम वाईट: चुका वाढतात आणि त्यांतल्या सोयीच्या चुका टिकतात. पी-५३ हे पहारेकरी प्रथिन शाबूत असलेल्या पेशी टंचाईत आत्महत्या करतात, पी-५३ बिघडलेल्या तगून राहतात. १९९६ मध्येच हे प्रयोगात दाखवलं गेलं. म्हणजे टंचाई ही नुसती अडचण नाही, ती चाळणी आहे, आणि चाळून वर राहतात त्या हट्टी पेशी. पसरण्याला मदत करणारी लॉक्स, ट्विस्ट ही जनुकं आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींना थोपवणारं पीडी-एल-१ हेही याच यादीत येतात.

आणि सगळं हिफच्याच माथी मारू नका. विद्यार्थ्यांच्या सेमिनारमध्ये 'हायपॉक्सिया (ऑक्सिजनची टंचाई) बरोबर हिफ' असं समीकरण असतं, ते मला खटकतं. हिस्टोनवरचे (डीएनए ज्यांभोवती गुंडाळतो त्या प्रथिनांवरचे) मिथाइल गट काढणारी काही एन्झाइमं त्याच घराण्यातली आहेत: त्यांनाही ऑक्सिजन, लोह आणि टू-ऑक्सोग्लुटरेट लागतं. २०१९ मध्ये दोन गटांनी दाखवलं की केडीएम-६ए आणि केडीएम-५ए ही एन्झाइमं ऑक्सिजन कमी झाला की हिफची वाट न बघता थेट मंदावतात आणि हिस्टोनवरच्या खुणा बदलतात. डीएनएवरचं मिथाइल काढणाऱ्या टेट एन्झाइमांबद्दल २०१६ मध्ये असाच दावा झाला. तिथे मी जरा सावध आहे, कारण शुद्ध स्वरूपात तपासलेल्या टेट एन्झाइमांची ऑक्सिजनवरची पकड बऱ्यापैकी घट्ट दिसते, ती सहज उपाशी पडावीत असं वाटत नाही.

मग प्रथिन बनवण्याचा टप्पा. टंचाई तीव्र झाली की पेशी एकंदर प्रथिननिर्मितीच आवळते, कारण तिला खर्च फार. प्रथिननिर्मितीला चालना देणारा एमटॉर दाबला जातो, पर्क हे एन्झाइम ईआयएफ-२ अल्फावर फॉस्फेट लावतं, आणि बहुतेक आरएनए नुसते पडून राहतात. तरी एटीएफ-४ सारखे काही निवडक वाचले जातात. म्हणून एखादं जनुक आरएनएमध्ये तिप्पट दिसतं आणि प्रथिनात ढिम्म, किंवा उलट. तुमच्या प्रोजेक्टचा धडा मला विचाराल तर हाच: ऑक्सिजन कुठल्या टप्प्यावर हात घालतोय हे ठरवल्याशिवाय काय मोजायचं ते ठरवू नका.

औषधांच्या अंगाने एकच गोष्ट नीट सांगते, बाकीच्या खूप आहेत. मूत्रपिंडाच्या नेहमीच्या, म्हणजे क्लिअर सेल प्रकारच्या कर्करोगात व्हीएचएल बहुधा गमावलेलं असतं. ऑक्सिजन आहे, पीएचडी ठिपका ठेवतंय, पण तो ठिपका वाचणारंच कोणी नाही. पेशी कायम गुदमरल्याच्या भ्रमात. गंमत अशी की तिथे खरा खलनायक हिफ-१ नसून त्याचा भाऊ हिफ-२ अल्फा आहे. हिफ-१ अल्फाचं जनुक तर त्या गाठींमध्ये बऱ्याचदा हरवलेलं असतं. डीएनएला चिकटणाऱ्या प्रथिनांना औषधाने पकडता येत नाही, गुळगुळीत असतात, असं आम्हाला शिकवलं गेलं होतं. डॅलसच्या संशोधकांना हिफ-२ अल्फाच्या पोटात एक पोकळी सापडली. त्या पोकळीत बसणारा रेणू घडवला की अल्फा-बीटाची जोडी जमत नाही. त्यातून बेलझुटिफान आलं; अमेरिकेत ऑगस्ट २०२१ मध्ये व्हीएचएल आजारातल्या गाठींसाठी आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुढच्या टप्प्यातल्या मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी त्याला मंजुरी मिळाली. त्याचा सर्वांत नेहमीचा दुष्परिणाम कुठला? रक्तक्षय. हिफ-२ दाबलं की ईपीओ घटतं. नेमकी उलटी किल्ली मूत्रपिंड निकामी झालेल्यांच्या रक्तक्षयात वापरतात: पीएचडी अडवायचं, हिफ वाढवायचं, ईपीओ वाढवायचं. अहमदाबादच्या झायडसचं डेसिड्युस्टॅट हे त्याच जातीचं, भारतात मार्च २०२२ मध्ये मंजूर झालेलं औषध. एकच साखळी, दोन टोकांना दोन औषधं.

घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, बरा होणार नाही. कोविडच्या दिवसांत घेतलेला ऑक्सिमीटर घरात कुठेतरी असेल, तो रुग्णाच्या बोटाला लावा. ९७-९८ दाखवेल. रक्तातलं हिमोग्लोबिन आधीच भरलेलं आहे. दीर्घ श्वसनाने त्यात मावेल एवढी जागाच नाही. प्राणायाम करावा, मीही करते, पण त्याचा गाठीच्या आतल्या त्या दीडशे मायक्रॉनशी संबंध नाही. अडचण फुफ्फुसात नसून गाठीच्या वाकड्या वाहिन्यांत आहे. 'ऑक्सिजनमध्ये कॅन्सर जगत नाही हे सिद्ध केल्याबद्दल वॉरबर्गना नोबेल मिळालं' असा जो संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर दर सहा महिन्यांनी उगवतो, तो खोटा आहे. ऑटो वॉरबर्ग यांना १९३१ चं नोबेल मिळालं ते श्वसनाच्या एन्झाइमवरच्या कामासाठी. आणि कर्करोगाबद्दल त्यांचं जे निरीक्षण गाजलं ते नेमकं उलट होतं: या पेशी ऑक्सिजन असतानाही लॅक्टेट बनवत राहतात.

पण या प्रश्नात एक खरा भाग आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. रेडिओथेरपी. किरणांनी डीएनएवर केलेली जखम ऑक्सिजन पक्की करतो. ऑक्सिजन नसेल तर तेवढ्याच नुकसानीसाठी जवळपास अडीच ते तीनपट मात्रा लागते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात गाठीत इलेक्ट्रोड खुपसून ऑक्सिजन मोजण्याचं काम जर्मनीत १९९० च्या दशकात झालं, आणि ज्यांच्या गाठीत तो १० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली होता त्यांचं पुढचं आयुष्य कमी निघालं. आपल्याकडे या कर्करोगाच्या बायका अनेकदा ७-८ हिमोग्लोबिन घेऊन येतात, महिनोन् महिने रक्तस्राव अंगावर काढून. म्हणून उपचार चालू असताना हिमोग्लोबिन १० च्या वर ठेवण्याचा प्रयत्न बरेच डॉक्टर करतात. मग ईपीओचं इंजेक्शनच द्या ना, असं वाटेल. डोक्या-मानेच्या कर्करोगात ते करून बघितलं; २००३ मध्ये निकाल आला आणि ईपीओ घेतलेल्यांमध्ये गाठ आटोक्यात राहण्याचं प्रमाण उलट खालावलं होतं. डेन्मार्कमध्ये डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या रेडिओथेरपीबरोबर निमोराझोल देतात, ते ऑक्सिजनची नक्कल करणारं औषध आहे. 

आता तुमचा कोरा ब्लॉट.

मी नवीन असताना आमचं हायपॉक्सिया चेंबर दुसऱ्या मजल्यावर होतं आणि कोल्ड रूम तळमजल्यावर. मी प्लेटा चेंबरमधून काढायचे, झाकणावर नावं नीट लिहिलीयत का बघायचे, ट्रेमध्ये ठेवायचे, जिना उतरायचे, वाटेत कोणी भेटलं तर दोन शब्द बोलायचे, मग सावकाश मीडिया ओतून पीबीएसने (धुण्याच्या क्षारद्रावणाने) दोनदा धुवायचे. तीन महिने एकही बँड नाही. अँटिबॉडी दोनदा मागवली. शेवटी आमच्या लॅबमधले काका, ज्यांनी आयुष्यात एकही पेपर वाचला नव्हता, म्हणाले, 'ताई, बर्फ वरती न्या की.' अर्धायुष्य पाच मिनिटांहून कमी, हे वाक्य मी परीक्षेत लिहून आले होते.

तुमचंही तेच झालं असेल. बर्फ चेंबरपाशी न्या. प्लेट बाहेर आली की त्याच क्षणी मीडिया ओता, थंड पीबीएसने एकदाच झटकन धुवा आणि एसडीएस (प्रथिनं उलगडून एन्झाइमं बंद पाडणारा साबण) असलेलं सँपल बफर थेट पेशींवर घाला. सौम्य बफरमध्ये अर्धा तास फिरवत बसू नका. चेंबरमध्ये हात घालून आतच लायसिस, म्हणजे पेशी फोडणं, करता आलं तर उत्तम. चोवीस तासांऐवजी चार ते सहा तासांची प्लेटही ठेवा, कारण पीएचडी-२ आणि पीएचडी-३ ही स्वतः हिफच्या यादीत आहेत, आणि उशिरा ती परत हिफला खाली ओढतात. बँड ९३ किलोडाल्टनला शोधू नका, ११० ते १२० च्या आसपास पसरट डाग येतो. पेशी फार दाट वाढू देऊ नका. दाट थर आणि उंच मीडिया असेल तर साध्या इनक्युबेटरमध्येही तळाच्या पेशी गुदमरतात आणि तुमचा कंट्रोलच बिघडतो.

आणखी एक, आरटी-पीसीआरमध्ये तुलनेसाठी जीएपीडीएच वापरलंय का? बहुतेक लॅबमध्ये सवयीने तेच वापरतात. ते ग्लायकोलिसिसचं एन्झाइम आहे, टंचाईत अनेक पेशींत वाढतं. त्याने भागलं की खरोखर वाढलेली जनुकं कमी वाढलेली दिसतात. आरपीएलपी-० किंवा १८एस घ्या.

पुढच्या ब्लॉटला एक प्लेट साध्या इनक्युबेटरमध्ये १०० मायक्रोमोलर डेफेरॉक्सामिन घालून ठेवा. ते लोह पकडून ठेवतं, पीएचडी बंद पडतं, आणि ऑक्सिजन भरपूर असूनही हिफ साचतं. प्लेट बाहेर काढल्याने त्यात फरक पडत नाही. तिथे बँड आला आणि चेंबरच्या प्लेटमध्ये नाही आला, तर अँटिबॉडी ठीक आहे, घोळ चेंबरच्या गळतीचा किंवा तुमच्या जिन्याचा. दोन्हींत नाही आला, तर अँटिबॉडी किंवा ट्रान्सफर तपासा.

त्याआधी मात्र, चोवीस तासांच्या त्या प्लेटांचा आरएनए उणे ऐंशीत शिल्लक असेल तर आजच काढा आणि सीए-९ चे प्रायमर लावून बघा. प्रथिनासारखा हा आरएनए पाच मिनिटांत नाहीसा होत नाही. हीलामध्ये तो टंचाईत कित्येक पटींनी वाढतो. वाढलेला दिसला, तर तुमचं चेंबर चालत होतं, हिफ होतं, आणि ते ब्लॉटपर्यंत पोहोचायच्या आत गेलं.